टॅब दाबल्यावर लिनक्स काय बोलतं

डेबियन लिनक्सचा इन्स्टॉलर असलेला पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू केला आणि पहिल्या मेनूसमोर काहीही न दाबता बसून राहिलं, तर अर्ध्या मिनिटानं संगणक आपणहून बोलायला लागतो. डोळस माणसं दचकतात. काहीतरी बिघडलं असावं असं त्यांना वाटतं. बिघडलेलं काहीच नसतं. ज्याला मेनू दिसतो तो तेवढ्या वेळात एखादी तरी कळ दाबतोच. ज्यानं दाबली नाही त्याला बहुधा मेनू दिसत नाही, असं धरून इन्स्टॉलर त्याच्याशी आवाजात बोलू लागतो. मला हा हिशेब फार आवडतो. मदत हवी असलेल्याला मदतीचं बटण शोधत फिरावं लागत नाही.

ज्याला घाई आहे त्यानं थांबायचं कारण नाही. मेनू तयार झाला की बीप वाजते, जुन्या बायोसवर दोनदा आणि नव्या युईएफआयवर एकदा. ती ऐकून ‘एस’ आणि एंटर दाबलं की झालं. संगणकात एकाहून जास्त साउंड कार्डं असली, तर इन्स्टॉलर एकेका कार्डावर बोलून पाहतो. आपल्या कानावर आवाज पडला की एंटर दाबायचं, म्हणजे बरोबर कार्ड कोणतं ते त्याला कळतं. पुढचे प्रश्न, म्हणजे भाषा, कीबोर्ड, डिस्कचे भाग, सगळे क्रमांक घातलेल्या पर्यायांसारखे ऐकू येतात आणि आपण आकडा टाइप करायचा. ही बोलणारी स्थापना २०१३ साली आलेल्या डेबियन ७ पासून आहे. त्याआधी अंध माणसाला ब्रेल डिस्प्लेसारखं वेगळं यंत्र तरी लागे, नाहीतर शेजारी बसायला कुणी डोळस. अशा रीतीनं बसवलेली प्रणाली पहिल्या लॉगिनपासून बोलतच सुरू होते.

दोन जागा मात्र अजून मुक्या आहेत. बायोसच्या सेटिंगचा निळा-काळा पडदा बोलत नाही, कारण तिथं अजून लिनक्स सुरूच झालेलं नसतं. आणि पूर्ण डिस्क कुलूपबंद केली असेल, तर सुरुवातीला पासफ्रेज विचारणारी ओळही सहसा गप्प असते. तिथं जाणकार लोक ग्रबला, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमला, सुरू होताना एक सूर वाजवायला सांगतात. सूर वाजला की मनात काही सेकंद मोजायचे आणि पासफ्रेज टाइप करायची. जुगाड आहे, पण चालतो.

उबुंटू किंवा फेडोरासारखी ग्नोम डेस्कटॉप वापरणारी प्रणाली असेल तर काम आणखी सोपं. सुपर (बहुतेक कीबोर्डांवर विंडोजचं चिन्ह असलेली कळ), ऑल्ट आणि एस या तीन कळा एकत्र दाबल्या की पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रीन रीडर, सुरू होतो. पुन्हा दाबल्या की बंद. लॉगिनच्या पडद्यावरही हे चालतं. या स्क्रीन रीडरचं नाव ऑर्का. त्याची सुरुवात सन मायक्रोसिस्टिम्समध्ये मार्क मल्काही या स्वतः अंध असलेल्या प्रोग्रॅमरनं केली, आणि २००६ मध्ये तो ग्नोमचा भाग झाला. विंडोजवरच्या जॉज या स्क्रीन रीडरच्या नावात शार्क आहे, म्हणून इकडे ऑर्का जातीचा देवमासा आला. २०१० साली ओरॅकलनं सन ताब्यात घेतल्यावर तिथल्या सुगम्यतेच्या कामाला कात्री लागली, तरी ऑर्का बंद पडला नाही. त्याचा स्रोत खुला होता. पुढे बरीच वर्षं त्याची धुरा जोनमेरी डिग्ज यांनी वाहिली आहे.

आता एक टॅब दाबून पाहू. समजा लिब्रेऑफिसमध्ये पत्र लिहिलंय आणि बंद करताना ‘बदल जतन करायचे का’ असं विचारणारा डायलॉग आलाय. टॅब दाबला. कानात आलं: ‘जतन करा, बटण.’ दाबणं आणि ऐकणं यांच्यामध्ये डोळ्यांना जाणवणार नाही इतका कमी वेळ गेला. तेवढ्यात बरंच काही घडलं.

बाहेरून पाहणाऱ्याची अशी समजूत असते की स्क्रीन रीडर पडद्यावर उमटलेलं चित्र कॅमेऱ्यासारखं पाहतो आणि त्यातली अक्षरं ओळखून वाचतो. तसं अजिबात होत नाही. ऑर्काला पडद्यावरचे रंग, ठिपके, सावल्या यातलं काहीच माहीत नसतं. तो विचारतो आणि समोरचा प्रोग्रॅम उत्तर देतो. त्या प्रत्येक प्रोग्रॅमनं आपल्या विंडोचा एक वेगळा, शब्दांतला आराखडा तयार ठेवायचा असतो. विंडोच्या आत डायलॉग, डायलॉगच्या आत मजकूर आणि तीन बटणं, असा एकात एक बसणारा. त्याला सुगम्यतेचं झाड म्हणतात. झाडातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल निदान तीन उत्तरं तयार लागतात: ती काय आहे, तिचं नाव काय, आणि ती सध्या कोणत्या अवस्थेत आहे. बटण, ‘जतन करा’, फोकस इथं. चेकबॉक्स, ‘मला लक्षात ठेवा’, खूण केलेली नाही. ऑर्का जे बोलतो ते या उत्तरांतूनच जुळवलेलं असतं.

हे प्रश्नोत्तर ज्या करारानं चालतं त्याचं नाव एटी-एसपीआय. आणि त्याचे निरोप जातात डी-बस नावाच्या वाहिनीवरून. लिनक्सवरचे प्रोग्रॅम एकमेकांना निरोप द्यायला हीच वाहिनी वापरतात. टॅब दाबल्यावर फोकस हलला की लिब्रेऑफिसच्या बाजूनं डी-बसवर पुकारा होतो, ‘फोकस बदलला’. ऑर्का ती ऐकतो, नव्या ठिकाणाची चौकशी करतो, वाक्य तयार करतो. आणि तिथं ऑर्काचं काम संपतं. बोलणं त्याच्याकडे नाही.

वाक्य जातं स्पीच डिस्पॅचरकडे. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रेलकॉम या संस्थेनं हा मधला कारकून घडवला. बोलण्याच्या मागण्या एकाच वेळी अनेक ठिकाणांहून येतात, आणि त्यातली कोणती आधी, कोणती मधेच तोडायची, कोणती सोडून द्यायची हे तो ठरवतो. त्याच्याकडे महत्त्वाच्या पाच पायऱ्या आहेत. ‘बॅटरी संपत आलीय’ हा निरोप आणि ‘डाउनलोड ४३ टक्के’ हा निरोप एकाच रांगेत उभे राहिले, तर माणूस वेडा होईल. आपण भराभर टॅब दाबत गेलो की आधीचं वाक्य अर्ध्यात तुटतं आणि नवं सुरू होतं, तेही याच्याच कृपेनं. कंट्रोल दाबलं की ऑर्का जागच्या जागी गप्प होतो. अंध माणूस दिवसभरात ती कळ किती वेळा दाबतो याची मोजदाद करू नये.

कारकुनाकडून वाक्य जातं आवाज करणाऱ्याकडे. तो बहुतेक ठिकाणी ई-स्पीक एनजी असतो. जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ साली एकॉर्न संगणकांसाठी लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रॅमपासून याचा वंश सुरू होतो. २०१५ साली त्याचीच नवी शाखा एनजी नावानं निघाली. हा आवाज कुणा माणसाचा नाही. शब्दांचे ध्वनिमुद्रित तुकडे जोडून तो बनत नाही. घशात आणि तोंडात हवा ज्या कंप्रतांवर घुमते त्या गणितानं उभ्या करून तो स्वरांसारखे घुमणारे वर्ण बनवतो. ऐकायला तो यांत्रिक वाटतो, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चक्क कर्कश. डोळस पाहुणे हमखास विचारतात की याहून गोड आवाज नाही का मिळत. मिळतो. पण मुरलेला वापरकर्ता बहुधा याच्याकडेच परत येतो, आणि त्यामागे कारण आहे. ई-स्पीकचा नेहमीचा वेग मिनिटाला १७५ शब्द. सरावलेले लोक तो साडेतीनशे-चारशेपर्यंत नेतात, आणि त्याहीपुढे जायची सोय आहे. माणसासारखा गोड आवाज त्या वेगाला चिखल होतो. ई-स्पीकचं व्यंजन तिथंही टोकदार राहतं. शिवाय कळ दाबली की तो लगेच बोलतो. गोड आवाज वाक्य सुरू करायला क्षणभर रेंगाळतात, आणि दिवसातून हजारो कळा दाबणाऱ्याला तो क्षण फार महाग पडतो.

शेवटी तयार ध्वनी पाइपवायर किंवा पल्सऑडिओ यांच्या हातून साउंड कार्डात आणि तिथून हेडफोनमध्ये. इतके हात बदलून ‘जतन करा, बटण’ कानापर्यंत आलं.

फोकस जिथं असेल तिथलं ऑर्का आपणहून सांगतो. पण डोळस माणूस फोकस न हलवताही पडद्यावर नजर फिरवतो ना, त्याची सोय काय? त्यासाठी आकड्यांच्या पॅडवर एक अख्खी युक्ती बसवलेली आहे. वरच्या ओळीतल्या सात, आठ, नऊ या कळा म्हणजे मागची ओळ, सध्याची ओळ, पुढची ओळ. मधल्या चार, पाच, सहा म्हणजे शब्द. खालच्या एक, दोन, तीन म्हणजे अक्षर. विंडोतला मजकूर ऑर्का सपाट ओळींसारखा मांडून घेतो आणि या नऊ कळांनी त्यावर बोट फिरवता येतं, फोकस जागेवर ठेवून. पॅड नसलेल्या लॅपटॉपवर हेच काम ऑर्का-कळीबरोबर यू-आय-ओ, जे-के-एल आणि एम-स्वल्पविराम-पूर्णविराम या कळा करतात. कीबोर्डावर बोटं ठेवून पाहिलंत तर तीन ओळींचा तोच चौकोन हाताखाली सापडेल. ज्यानं हे बसवलं त्यानं हाताचा विचार केला होता.

ऑर्का-कळ म्हणजे मोठ्या कीबोर्डावर इन्सर्ट आणि लॅपटॉप मांडणीत कॅप्स लॉक. नवख्यानं पाठ करायचा शॉर्टकट एकच: ऑर्का-कळ आणि एच. त्यानं शिकण्याचा मोड सुरू होतो. मग कोणतीही कळ दाबा, ती काय करते एवढंच ऑर्का सांगतो आणि प्रत्यक्षात काही घडत नाही. एस्केप दाबलं की बाहेर. बाकीचे शॉर्टकट यातून आपोआप हाताला लागतात. पाठांतराच्या याद्या वाटत बसणाऱ्या शिक्षकांनी आधी हा मोड दाखवावा असं माझं मत आहे.

वेबपानांवर वेगळीच अडचण उभी राहते. पान हे दस्तऐवजही असतं आणि फॉर्मही. वाचताना ‘एच’ ही कळ पुढच्या मथळ्यावर नेते, ‘के’ दुव्यावर, ‘टी’ तक्त्यावर, एक ते सहा आकडे त्या त्या पातळीच्या मथळ्यावर. लांबलचक बातम्यांच्या पानावर ‘एच’ दाबत जाणं म्हणजे डोळस माणसानं मथळे चाळणंच. पण शोधाच्या चौकटीत ‘हडपसर’ लिहायला गेलं आणि पहिल्याच ‘एच’ला कर्सर मथळ्यावर उडी मारून गेला तर? म्हणून दोन मोड आहेत. वाचण्याच्या मोडमध्ये अक्षरं म्हणजे उड्या, भरण्याच्या मोडमध्ये अक्षरं म्हणजे अक्षरं. लिहायच्या चौकटीत शिरलं की ऑर्का बहुतेकदा आपणहून मोड बदलतो आणि तसं सांगतो. न बदलल्यास ऑर्का-कळ आणि ए.

याच जागी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा आळस उघडा पडतो. कुणीतरी बटणाऐवजी नुसतं भिंगाचं चित्र टाकलं आणि त्याला नाव दिलं नाही, तर झाडात त्या जागी नाव नाही. ऑर्का म्हणतो ‘बटण’. कसलं बटण? तो सांगू शकत नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलं नाही. सलग पाच निनावी बटणांची पट्टी ऐकून पाहा: ‘बटण, बटण, बटण, बटण, बटण’. यातलं पाचवं ‘खातं हटवा’ असू शकतं.

मराठी वाचकांना आत असेल तेच वाचलं जाण्याचा सगळ्यात मोठा फटका वेगळ्याच ठिकाणी बसतो. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टाइप केलेला मजकूर पडद्यावर अस्सल मराठी दिसतो, पण फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं असतात. फाँट फक्त त्या अक्षरांना देवनागरीचे मुखवटे चढवतो. कृतीदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द फाइलमध्ये ई, जे, के, मोठा बी, एच असा साठवलेला असतो. ऑर्काला मुखवटे दिसत नाहीत. तो प्रामाणिकपणे आत जे आहे ते वाचतो, आणि पत्रिकेचा, परिपत्रकाचा, कवितेचा जो काही असेल तो सगळा मजकूर अर्थहीन इंग्रजी बडबड होऊन बाहेर येतो. स्कॅन करून पीडीएफ केलेल्या कागदात तर तेवढंही नसतं. तिथं फक्त चित्र आहे आणि ऑर्काच्या लेखी पान कोरं. त्यावर टेसरॅक्ट हा मुक्त-स्रोत अक्षरओळख प्रोग्रॅम फिरवता येतो. १९८५ ते १९९४ या काळात ह्युलेट-पॅकार्डमध्ये घडलेला आणि २००५ मध्ये खुला झालेला. त्याच्याकडे मराठीचा संच आहे. छपाई स्वच्छ असेल तर काम भागतं, झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर जोडाक्षरं ढेपाळतात.

डेस्कटॉपच्या खाली, नुसत्या अक्षरांच्या काळ्या कन्सोलवर, दुसरंच जग आहे आणि ते ऑर्काहून जुनं आहे. तिथं ना विंडो ना झाड. पडद्यावर अक्षरांच्या ओळी असतात आणि त्या थेट वाचता येतात. कॅनडातल्या किर्क राइझर यांनी स्पीकअप हा स्क्रीन रीडर लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये बसवला. बाहेरून जोडायच्या बोलणाऱ्या यंत्रांसाठी तो लिहिला होता. असं यंत्र सिरीयल पोर्टला जोडलं की कर्नल जागा होतानाचे निरोपही ऐकू येत. डोळस माणसाला पडद्यावर जे धावताना दिसतं तेच, त्याच क्षणी. स्पीकअप २०१० मध्ये कर्नलच्या प्रायोगिक विभागात आला आणि तिथून बाहेर, पक्क्या जागी जायला त्याला २०२० उजाडलं. आज बाहेरचं यंत्र फारसं कुणी वापरत नाही. ई-स्पीकअप हा छोटा दुवा स्पीकअपला ई-स्पीकशी जोडतो.

ब्रेलसाठी बीआरएलटीटीवाय आहे, १९९५ पासून. ब्रेल डिस्प्लेच्या पट्टीवर बारीक टाचण्या वर-खाली होतात आणि पडद्यावरच्या ओळीचा एक तुकडा बोटांखाली उमटतो. ऑर्कासुद्धा ब्रेल दाखवायला याच्याच मार्फत जातो. मजकुराचं ब्रेलमध्ये रूपांतर करणारं लिबलुई हे कोडचं भांडार बीआरएलटीटीवायमधल्याच कामावर उभं राहिलं, आणि त्यात भारती ब्रेलप्रमाणे मराठीची सारणी आहे. डिस्प्ले महाग असतो, म्हणून आपल्याकडे तो कमी हातांत दिसतो. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला, विशेषतः कंस आणि स्वल्पविराम जिथं चुकून चालत नाहीत तिथं, बोटाखाली ओळ असण्याला आवाज पर्याय होत नाही. एक गंमत: उबुंटू २२.०४ वर आर्डुइनोचा छोटा सर्किट बोर्ड जोडणाऱ्या अनेकांना तो अचानक सापडेनासा झाला. त्यातली स्वस्त यूएसबी चिप काही ब्रेल डिस्प्लेंमध्येही असते. बीआरएलटीटीवायला वाटे डिस्प्ले आला, आणि तो पोर्ट पकडून बसे. उपाय म्हणून घाऊक सल्ला फिरला की बीआरएलटीटीवाय काढूनच टाका. एका घरात दोघं तोच संगणक वापरत असतील तर हा सल्ला कुणाच्या मुळावर येईल, हे सल्ला देणाऱ्यांच्या गावीही नव्हतं.

आणि मग इमॅक्स या मजकूर-संपादकाला बोलतं करणारा इमॅकस्पीक. याचा कर्ता टी. व्ही. रामन पुण्यात वाढलेला. काचबिंदूनं चौदाव्या वर्षी दृष्टी गेली, वाडिया कॉलेजातून गणित, पुढे आयआयटी मुंबई आणि १९९४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट. तिचा विषय होता गणिताची सूत्रं आवाजात कशी मांडावीत. इमॅकस्पीक १९९५ चा. रामन यांचं म्हणणं मुळावरच घाव घालणारं आहे: पडद्यासाठी केलेली मांडणी वाचून दाखवायचीच कशाला? इमॅक्समधली दिनदर्शिका घ्या. पडद्यावर ती आकड्यांची जाळी आहे. साधा स्क्रीन रीडर त्या जाळीत कर्सर ठेवलेल्या जागी ‘१४’ म्हणेल, आणि वार कोणता हे शोधायला स्तंभाच्या माथ्यापर्यंत चढावं लागेल. इमॅकस्पीक जाळीकडे बघतच नाही. दिनदर्शिका चालवणाऱ्या कोडालाच तो तारीख विचारतो आणि वार, दिवस, महिना, वर्ष असं पूर्ण बोलतो. प्रोग्रॅमचं कोड वाचताना टिप्पणी एका आवाजात आणि राखीव शब्द दुसऱ्या आवाजात येतात. डोळसांना जे रंगांनी कळतं ते इथं आवाजाच्या पट्टीनं कळतं. त्यासाठी अख्खं आयुष्य इमॅक्समध्ये काढावं लागतं, ही अट सगळ्यांना झेपत नाही. तरी विचार म्हणून ऑर्काहून हा मला एक पाऊल पुढचा वाटतो.

गेल्या काही वर्षांत या साखळीला मोठा हादरा बसला तो पडद्यावर विंडो मांडणाऱ्या वेलँड या नव्या व्यवस्थेमुळे. जुन्या एक्स-११ व्यवस्थेत कोणताही प्रोग्रॅम कीबोर्डावर दाबलेली प्रत्येक कळ ऐकू शकत असे. ऑर्काला ते सोयीचं, पण पासवर्ड चोरणाऱ्यालाही तितकंच सोयीचं. वेलँडनं ते दार बंद केलं. ज्या विंडोवर फोकस आहे तिलाच कळा मिळणार. सुरक्षेच्या बाजूनं हे योग्यच आहे. पण ऑर्का कधीच फोकसमधली विंडो नसतो, तो सगळ्यांच्या मागे उभा असतो, आणि त्याला कळा ऐकू आल्या नाहीत तर वरचे सगळे शॉर्टकट व्यर्थ. कॅप्स लॉक ऑर्का-कळ म्हणून धड चालेना. अनेक जण वर्षानुवर्षं एक्स-११ लाच चिकटून राहिले. शेवटी मार्च २०२५ च्या ग्नोम ४८ मध्ये विंडो सांभाळणाऱ्या गाभ्यातच स्क्रीन रीडरसाठी खास, परवानगीची वाट काढली गेली. ती वेळेवर आली असंही म्हणवत नाही. त्याच वर्षीच्या उबुंटू २५.१० नं ग्नोमचं एक्स-११ सत्र काढून टाकलं. जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडानं २०२३ मध्ये ग्नोमला दिलेल्या दहा लाख युरोंतून सुगम्यतेच्या कामालाही हातभार लागला. त्याआधी हे काम मोजक्या माणसांच्या खांद्यावर होतं.

साखळी लांब आहे म्हणून ती तुटतेही. आवाज गेला की डोळस माणसाला पडद्यावर काहीतरी दिसत राहतं, अंध माणसापुढे फक्त शांतता असते. अशा वेळी कडी कुठली निसटली हे शोधायचा एक ठरलेला क्रम आहे. आधी सुपर-ऑल्ट-एस दोनदा, म्हणजे ऑर्का बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तरी गप्प असेल तर ऑल्ट आणि एफ-२ दाबून आज्ञा द्यायची चौकट उघडायची आणि स्पीच डिस्पॅचरची ‘एसपीडी-से’ ही आज्ञा एखाद्या शब्दासह टाइप करायची, न ऐकता, बोटांच्या भरवशावर. तो शब्द ऐकू आला तर कारकुनापासून पुढचं सगळं ठीक आहे आणि दुखणं ऑर्काचं. ऐकू आला नाही तर कंट्रोल-ऑल्ट-एफ-३ दाबून कन्सोलवर जायचं. तिथं स्पीकअप बोलत असेल तर साउंड कार्ड जिवंत आहे. किंबहुना कधी कधी तोच गुन्हेगार असतो. कन्सोलचा आवाज कार्ड धरून बसतो आणि डेस्कटॉपच्या आवाजाला ते मिळत नाही. आणि फक्त एकाच प्रोग्रॅममध्ये शांतता असेल, तर त्या प्रोग्रॅमनं झाड उभंच केलेलं नसतं. क्रोमियम या ब्राउझरवर बांधलेल्या अनेक प्रोग्रॅमांना सुरू करतानाच वेगळं सांगावं लागतं की ऐकणारा कुणीतरी आहे.

राहता राहिला मराठी आवाज. ई-स्पीकला मराठी येते, पण ती त्यानं नियमांवरून शिकलेली आहे. ‘चारा’ आणि ‘चार’ यांतला च लिहायला एक, म्हणायला दोन. ‘जरा थांब’ मधला जरा वेगळा आणि म्हातारपण या अर्थाची जरा वेगळी. लिपीत ही खूण नसल्यामुळे नियम इथं हात टेकतो. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच. ‘कवि’ आणि ‘कवी’ कानाला सारखेच, म्हणून शुद्धलेखन तपासायचं तर अक्षरामागून अक्षर ऐकत जावं लागतं, आणि मुद्रितशोधन करणारे अंध लोक ते करतात. बंद, विकत घ्यायच्या आवाजात असा दोष सापडला तर कंपनीला कळवून वाट बघायची. ई-स्पीकचे मराठीचे नियम मात्र साध्या मजकुराच्या दोन फाइलींत आहेत. एकीत अक्षरांवरून उच्चार काढण्याचे सर्वसाधारण नियम, दुसरीत अपवादांची यादी. शब्द लिहायचा, त्यापुढे ई-स्पीकच्या ध्वनिखुणांत त्याचा हवा तो उच्चार लिहायचा, एका आज्ञेनं यादी पुन्हा बांधायची, आणि मग तो शब्द नीट ऐकू येतो. प्रोग्रॅमिंग यायला हवं असं नाही. मराठीचा कान आणि चिकाटी पुरते. ती यादी प्रकल्पाकडे पाठवली आणि त्यांनी घेतली, तर ती लिनक्सपुरती राहत नाही. विंडोजवर आपल्याकडे असंख्य अंध विद्यार्थी वापरतात त्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या आतही हाच ई-स्पीक एनजी असतो.